छातीचा स्नायू आखडलाय, म्हणजे नेमका किती?

खांदेदुखीच्या तपासणीत ‘तुमचा छातीचा स्नायू आखूड झालाय’ हे वाक्य हल्ली सर्रास कानावर पडतं. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. पहिल्या दोन पत्रांवर जास्त जागा खर्च केली आहे, कारण बाकीच्यांची गाठही तिथेच सुटते.

प्रश्न : माझं वय ५२. निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फेलफूट (नको असलेल्या फुटी) काढणं, घड बुडवणं, विरळणी अशी हात वर करून करायची कामं दोन-अडीच महिने चालतात. यंदा उजवा खांदा धरला. फिजिओथेरपिस्टनी टेबलावर उताणं झोपवून खांद्याखालचं अंतर मोजलं, ते साडेपाच सेंटिमीटर आलं. ‘अडीचच्या आत हवं, छातीचा स्नायू आखडलाय’ असं सांगितलं. हे अंतर कमी झालं की दुखणं जाईल का?

अंतर कमी झालं म्हणजे दुखणं जाईल, असं धरून चालू नका. दुखणं जाऊनही अंतर तेवढंच राहू शकतं.

आधी स्नायू कोणता ते बघू. छातीवर दोन स्नायू एकावर एक आहेत. वरचा मोठा, पेक्टोरॅलिस मेजर, थेट दंडाच्या हाडाला जाऊन मिळतो. त्याच्याखाली दडलेला लहान, पेक्टोरॅलिस मायनर, थोडक्यात पेक मायनर. तो तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बरगडीपासून निघतो आणि खांद्याच्या पात्याला पुढच्या बाजूने जे चोचीसारखं टोक असतं, कोराकॉइड, त्याला चिकटतो. म्हणजे हा स्नायू हाताला धरतच नाही, पात्याला धरतो. तो आखडला की पातं पुढे आणि खाली ओढलं जातं, पात्याचं खालचं टोक पाठीवर उठून दिसतं.

विरळणीला हात वर नेता तेव्हा पात्याने वरच्या दिशेने फिरायचं असतं आणि त्याच वेळी मागे कलायचं असतं. हात पूर्ण वर जाईपर्यंत पातं सुमारे ५० ते ६० अंश फिरतं. पेक मायनर सैल पडला नाही तर हे मागे कलणं अपुरं राहतं. मग खांद्याच्या छपरासारखं जे हाड आहे, अक्रोमियन, त्याच्याखालच्या जागेत स्नायूंच्या दोऱ्या (स्नायू हाडाला जोडणारे कंडरे) घासल्या जाऊ शकतात. तुमच्या फिजिओंनी या स्नायूकडे बोट दाखवलं ते यामुळेच, आणि शंका म्हणून ती बरोबरच आहे.

अडचण मोजण्याच्या रीतीत आहे. उताणं झोपवून अक्रोमियनच्या मागच्या कडेपासून टेबलापर्यंतचं अंतर मोजायचं आणि ते अडीच सेंटिमीटरच्या, म्हणजे एका इंचाच्या वर गेलं की स्नायू आखूड, हा नियम बरीच वर्षं शिकवला गेला. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांदा दुखणारे आणि न दुखणारे असे दोन्ही गट मोजले, तर जवळपास सगळ्यांचंच अंतर या हद्दीच्या पुढे निघालं. जी चाचणी निरोग्यालाही आजारी ठरवते तिच्यावरून निदान करता येत नाही. हे अंतर पाठीचा बाक किती, पाठीवर मांस किती, टेबलाची गादी किती मऊ, यावरही बदलतं. वर्षानुवर्षं मांडवाखाली राबलेल्या माणसाच्या पाठीला थोडा बाक असतोच. तेवढ्यानेही दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडू शकतो.

मग ते मापन वाया गेलं का? नाही. तुमचाच डावा खांदा त्याच टेबलावर, त्याच दिवशी मोजला असेल तर दोन्ही बाजूंचा फरक कामाचा आहे. डावाही पाच-साडेपाच असेल तर उजव्याच्या दुखण्याचं खापर या स्नायूवर फोडू नका.

पुढच्या वेळी फिजिओंना एक चाचणी करायला सांगा. तुम्ही हात वर न्यायचा आणि त्याच वेळी त्यांनी मागून पात्याला हाताने आधार देऊन ते वर फिरवायचं, वरचं टोक मागे कलवायचं. या आधाराने दुखणं स्पष्ट कमी झालं तर पात्याच्या हालचालीवर मेहनत घेण्यात अर्थ आहे. काहीच फरक पडला नाही तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. बावन्नाव्या वर्षी खांद्याच्या दोऱ्यांची झीज किंवा फाटणं असू शकतं. मधुमेह असेल तर फ्रोझन शोल्डरही, म्हणजे आखडून बसलेला खांद्याचा सांधा, असू शकतो. त्याची खूण अशी : कोपर कमरेला टेकवून दुसऱ्याने तुमचा हात बाहेर फिरवला तरीही तो फिरत नाही. पेक मायनर कितीही आखडला तरी ही हालचाल अशी बंद पडत नाही. हात एकाएकी उचलता येईनासा झाला किंवा रात्री त्या कुशीवर झोपवेना, तर व्यायामाआधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

राहिला ताणाचा व्यायाम. दाराच्या चौकटीला कोपरापासून हात उभा टेकवायचा, कोपर खांद्याच्या उंचीवर, आणि त्याच बाजूचा पाय पुढे टाकून छाती हळूच पुढे न्यायची. ३० सेकंद थांबायचं, असं चार वेळा, रोज. सहा आठवडे असे ताण करून घेतलेल्या खांदेदुखीच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात दुखणं कमी झालं, हात वापरणं सुधारलं, पण स्नायूची मोजलेली लांबी बदलली नाही. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की आकड्याच्या मागे लागू नका. ताणाच्या जोडीला पातं फिरवणारे स्नायू बळकट करा : भिंतीला दोन्ही हात टेकवून वर सरकवणं, आणि भिंतीवरच्या जोरांमध्ये शेवटी पाठ थोडी मागे रेटून पाती पुढे ढकलणं. प्रत्येकी १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

आणि बागेत उभं राहायला भक्कम पाट किंवा लाकडी घोडा वापरा. घड डोळ्यांच्या पातळीवर आला की कोपर खांद्याच्या खाली राहतं. अर्धा तास वर हात, मग दहा मिनिटं खालचं काम, अशी पाळी लावली तर मजुरांचेही खांदे वाचतील. महिनोन्‌महिने हेच काम करणाऱ्या बायका तपासणीला क्वचितच येतात, त्यांच्यासाठी तर हे आधी करा.

प्रश्न : मी नाशिकमध्ये फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेक मायनरची लांबी टेपने मोजताना माझ्या आणि मैत्रिणीच्या मापात एकाच व्यक्तीवर सव्वा सेंटिमीटरपर्यंत फरक येतो. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा चूक टेपमध्ये नसते, बोटाखाली असते. दोन बिंदू ठरवायचे आहेत : वरचा कोराकॉइडच्या खालच्या-आतल्या कडेला, खालचा चौथ्या बरगडीच्या पुढच्या-खालच्या कडेला, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या उभ्या हाडाच्या, कडेपासून एक बोट बाहेर.

वरच्या बिंदूसाठी हासळीवरून (गळ्याखालच्या आडव्या हाडावरून) बोट आतून बाहेर सरकवत न्या. बाहेरच्या भागात ती जिथे आत वळते, तिथून साधारण एक इंच खाली उतरा आणि हलकेच मागे दाबा. टणक गोटीसारखं लागेल. तिथे दाबलं की निरोगी माणसालाही दुखतं, त्यामुळे ‘इथेच दुखतंय, म्हणजे इथेच आजार’ असा निष्कर्ष काढू नका. इथे नेहमीची फसगत म्हणजे दंडाच्या हाडावरचा लहान उंचवटा कोराकॉइड समजणं. बोट तसंच ठेवा आणि दुसऱ्या हाताने पेशंटचा दंड आत-बाहेर फिरवा. बोटाखालचं हाड फिरलं तर तुम्ही दंडावर आहात, स्थिर राहिलं तर कोराकॉइडवर. ही दहा सेकंदांची खात्री कधीच वगळू नका.

बरगडी मोजताना हासळीखालून मोजायला सुरुवात करू नका, पहिली बरगडी हाताला लागतच नाही. उरोस्थीवर वरून दोन इंचांच्या आसपास एक आडवा उंचवटा लागतो, त्याच्या रेषेत दुसरी बरगडी असते. तिथून खाली दोन : तिसरी, चौथी. एक बरगडी चुकली की दीड-दोन सेंटिमीटर सरळ हातचे जातात. स्तनाच्या ऊतीमुळे बाहेरच्या बाजूला बरगडी चाचपणं अवघड असतं, म्हणून उरोस्थीच्या कडेलाच मोजा. पेशंटला आधी समजावून सांगा, परवानगी घ्या, आणि हवं असल्यास खालच्या बिंदूवर तिला स्वतःचं बोट ठेवू द्या.

आता मुख्य गोम. कातडी हाडावरून सरकते. झोपवून पेनाने खूण केली आणि उभं करून मोजलं, तर खूण हाडावर राहिलेलीच नसते. ज्या स्थितीत मोजायचं त्याच स्थितीत खूण करा, आणि टेप लावताना बोटाने हाड पुन्हा तपासा. उभ्याने मोजलेलं आणि झोपवून मोजलेलं माप एकमेकांशी ताडू नका, कारण झोपल्यावर गुरुत्वाकर्षणाने खांदा मागे पडतो. दोघींनी एकच स्थिती ठरवा आणि कागदावर ती लिहा.

श्वासानेही फरक पडतो. नेहमीचा श्वास सोडून संपला की मोजा, मुद्दाम खोल श्वास घ्यायला लावू नका. ‘ताठ उभे राहा’ असंही म्हणू नका. तेवढं ऐकलं की पेशंट छाती काढतो आणि माप बदलतं.

टेप छातीच्या गोलाईवरून फिरवली तर वळणाची लांबी मिळते, दोन बिंदूंमधली सरळ रेघ मिळत नाही. भरदार छातीत हा फरक मोठा असतो. टेप दोन बिंदूंमध्ये ताणून सरळ धरा, किंवा कॅलिपर (दोन पायांमधलं अंतर मोजायचं साधन) वापरा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला सहा इंची व्हर्नियर इथे चालत नाही : त्याचे जबडे आखूड आणि टोकदार असतात, आणि १५ सेंटिमीटरपुढे तो उघडतही नाही. गोल टोकांचा, लांब पायांचा कॅलिपर हवा. त्याच्या शंभरांश मिलिमीटरच्या अचूकतेला भुलू नका, तुमचं बोटच दोन-तीन मिलिमीटरने इकडेतिकडे असतं. तीन वेळा मोजा, सरासरी मिलिमीटरपर्यंत लिहा.

उंच माणसाचा स्नायू लांब असणारच, म्हणून निर्देशांक काढतात : लांबी भागिले उंची, गुणिले १००, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. उंची १६५ आणि लांबी १३.२ असेल तर ८.०. उंची १६८ आणि लांबी १२.४ असेल तर ७.३८. अनेक अभ्यासांत ७.६५ किंवा त्याखालचा निर्देशांक ‘आखूड’ धरला आहे. संशोधनासाठी लोकांची विभागणी करायला ती रेघ सोयीची आहे. पण ७.६ चा पेशंट आजारी आणि ७.७ चा ठणठणीत, असं तिच्यावरून ठरत नाही. उजवा-डावा फरकही जपून वाचा. टेनिस खेळणाऱ्या तरुण खेळाडूंमध्ये खेळत्या हाताच्या बाजूचा पेक मायनर आखूड आढळला आहे, आणि ते पेशंट नव्हते.

शेवटी, स्वतःची चूक स्वतः मोजा. दहा जण निवडा, प्रत्येकाला दोन वेळा मोजा. मधे खुणा पुसा, आकडे तिसऱ्याने लिहावेत, तुम्ही बघू नयेत. दहा फरकांचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) काढा आणि १.९६ ने गुणा. समजा विचलन ०.४ सेंटिमीटर आलं, तर उत्तर ०.७८. म्हणजे उपचारानंतर अर्धा सेंटिमीटर ‘सुधारणा’ दिसली तरी ती तुमच्या हाताच्या चुकीतच मोडते, फाइलमध्ये सुधारणा म्हणून लिहू नका. मैत्रिणीबरोबर हाच प्रयोग केला तर दोघींमधली चूक कळेल. ती एकटीच्या चुकीपेक्षा सहसा मोठी येते. म्हणून एका पेशंटला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच व्यक्तीने मोजावं.

प्रश्न : मी येवल्यात पैठणी विणते. रोज सहा-सात तास मागावर पुढे वाकून काम असतं. करंगळीला मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो. छातीचा स्नायू आखडून नस दाबली गेलीय असं कळलं. लांबी मोजून हे पक्कं होतं का?

होत नाही, ताई. हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा आणि रक्तवाहिन्या पेक मायनरच्या खालून जातात, त्यामुळे तिथे दाब पडणं शक्य आहे हे खरं. पण आखूड स्नायू असलेल्या पुष्कळ लोकांना मुंग्या येत नाहीत. करंगळीच्या मुंग्या कोपराच्या आतल्या बाजूला नस दाबली गेल्यानेही येतात, आणि विणताना कोपर तासन्‌तास दुमडलेलं असतं. मानेतूनही येऊ शकतात. तिन्ही जागा तपासल्या गेल्या पाहिजेत.

एक चाचणी विचारून बघा. दोन्ही हात बाजूला खांद्याच्या उंचीवर, कोपरं ९० अंशांत वाकवून बोटं वर, आणि तीन मिनिटं मुठी सावकाश उघडझाप करायच्या. त्या हातात तीच लक्षणं लवकर उमटली, हात जड होऊन खाली आला, तर खांदा-छातीच्या भागातल्या दाबाची शंका बळावते. नुसते खांदे भरून आले तर त्याला महत्त्व नाही. हात सुजला, निळसर किंवा गार पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पहिल्या उत्तरातला दाराच्या चौकटीतला ताण करताना मुंग्या वाढल्या तर तो लगेच थांबवा. ताणाने नस मोकळी होत नसते, उलट खेचली जाते. रात्री हात डोक्याखाली घेऊन झोपू नका. मागावर दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं कोपर सरळ करून हात सैल सोडा.

प्रश्न : वय २७, अंबडला सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) काम, संध्याकाळी जिम. बेंच प्रेस वाढवल्यापासून खांदे पुढे आलेत. घरी मोजता येईल का?

तुमच्या बाबतीत मोठा स्नायू आधी बघा, त्यासाठी टेप आणि फरशी पुरे. फरशीवर उताणे पडा, गुडघे वाकवून तळवे टेकवा, कंबर फरशीला चिकटलेली ठेवा. कोपर सरळ, तळहात छताकडे. हात बाजूला ९० अंशांत सोडा, हा हासळीकडचा भाग. मग हात तिरका वर, १३५ अंशांच्या सुमाराला न्या, हा उरोस्थीकडचा भाग. दोन्ही वेळा हात आपल्या वजनाने फरशीला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर कोपराच्या बाहेरच्या हाडापासून फरशीपर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. कंबर उचलली, बरगड्या वर आल्या किंवा कोपर दुमडलं की हात खोटा टेकतो. जिममध्ये मोजणाऱ्यांचं माप बहुतेक वेळा याच कारणाने चांगलं येतं. व्यायामानंतर लगेच मोजू नका, आणि पलंगावर तर नकोच.

बेंच सोडायची गरज नाही. जितके सेट ढकलण्याचे तितके तरी ओढण्याचे करा. खांदा पूर्वी कधी निखळला असेल तर चौकटीतला ताण अजिबात नको, तो सांध्याच्या पुढच्या आवरणावर येतो.

प्रश्न : नाशिकरोडहून लिहिते. आठ महिन्यांपूर्वी डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन झालं. हात वर नेताना छाती ओढली जाते. माप घ्यावं का?

पेक मायनरचं टेपने माप तुमच्या बाबतीत भरवशाचं नाही : व्रणाखालची कातडी हाडाला धरून असते, खुणा चुकतात. वरच्या उत्तरातली १३५ अंशांची तपासणी किंवा गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने) हात किती वर जातो ते दर महिन्याला मोजणं जास्त उपयोगी. काखेतून कोपराकडे दोरीसारखं काही ताठ होताना दिसत असेल तर ते फिजिओंना दाखवा, तो स्नायू नव्हे आणि त्याचा उपचार वेगळा असतो. रेडिएशनचा कडकपणा नंतरही बरेच महिने वाढू शकतो, म्हणून व्यायाम बरं वाटलं म्हणून बंद करू नका. हाताला सूज, लाली किंवा ताप आला तर तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना लगेच कळवा.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, खांदे पुढे, पोक काढून चालतो. पाठीचा पट्टा आणलाय. फायदा होईल?

पट्टा बांधलेला असेपर्यंत खांदे मागे राहतात, सोडला की जैसे थे. स्नायू त्याने लांब होत नाही. वरचा ७.६५ चा आकडा मोठ्यांच्या मापांवरून आलेला आहे, वाढीच्या वयातल्या मुलाला तो लावू नका. दुखत नसेल तर मोजण्याचीही घाई नको, त्याला रोज तासभर मैदानावर किंवा पोहायला पाठवा. एक गोष्ट मात्र घरीच बघा : त्याला पालथं झोपवून हातांचा आधार न घेता डोकं आणि छाती उचलायला सांगा, आणि बाजूने पाठीकडे पाहा. पोक सरळ होत असेल तर ती सवय आहे. उचललं तरी पाठीचा उंचवटा तसाच राहिला, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडून बाजूने एक्स-रे काढून घ्या.